स्तनाच्या कर्करोगगाठीतील रोगप्रतिकारक पेशी : एका अल्पखर्ची जैवदर्शकाची चिकित्सा

गोषवारा

स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीत शिरलेल्या लसिका पेशींचे प्रमाण नेहमीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत मोजता येते व त्यासाठी वेगळे रसायन किंवा यंत्र लागत नाही. या पेशींना वैद्यकीय परिभाषेत संक्षेपाने ‘टिल्स’ म्हणतात. गेल्या पंधरा वर्षांत त्यांना रोगाचे भवितव्य सांगणारा जैवदर्शक म्हणून मान्यता मिळत गेली आहे. प्रस्तुत लेखात या मान्यतेमागील पुराव्याची चिकित्सा केली आहे. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात टिल्स रोगाचे भवितव्य विश्वासार्हपणे सांगतात. मात्र कोणता उपचार द्यावा वा टाळावा, हे ठरविण्यास त्यांचा पुरावा अद्याप अपुरा आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. या जैवदर्शकाचा सर्वांत आशादायक उपयोग ज्या अवस्थेतील रुग्णांना होऊ शकतो, त्या अवस्थेत रोग सापडण्याचे प्रमाणच आपल्याकडे कमी आहे, याकडेही लक्ष वेधले आहे.

बीजसंज्ञा : स्तनाचा कर्करोग, लसिका पेशी, जैवदर्शक, ट्रिपल निगेटिव्ह, विकृतिशास्त्र, वाशिम जिल्हा.

प्रस्तावना

भारतात २०२२ या एका वर्षात स्त्रियांमधील स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. नव्या रुग्णांच्या तुलनेत मृत्यूंची संख्या निम्म्याहून अधिक असणे ही बाब चिंताजनक आहे. ज्या देशांत रोग लवकर सापडतो तेथे हे प्रमाण बरेच कमी असते. त्यामुळे हाती असलेल्या साधनांतून रुग्णाविषयी अधिकाधिक माहिती कशी मिळवावी, हा प्रश्न आपल्याकडे केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही.

वाशिम जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न आज विशेष महत्त्वाचा आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला आणि २०२४ मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नवे महाविद्यालय म्हणजे विकृतिशास्त्राचा नवा विभाग आणि नवे विद्यार्थी. अशा वेळी कोणत्या तपासण्या आधी रुजवाव्यात, याचा विचार होणे स्वाभाविक आहे. कर्करोगाच्या क्षेत्रात नवी तपासणी म्हटली की बहुधा परदेशी संच, महागडी प्रतिद्रव्ये किंवा जनुकीय चाचण्या डोळ्यांसमोर येतात. टिल्सची मोजणी मात्र हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांनी रंगविलेल्या, प्रत्येक प्रयोगशाळेत रोज तयार होणाऱ्या काचपट्टीवरच होते. ही तिची जमेची बाजू आहे. परंतु जी तपासणी स्वस्त असते ती निर्धोक असतेच असे नाही. म्हणून तिची चिकित्सा आवश्यक ठरते.

लेखाची उद्दिष्टे

१. टिल्सची संकल्पना व मोजमापाची पद्धत स्पष्ट करणे.
२. त्यांच्या भवितव्यसूचक मूल्याच्या पुराव्याचे परीक्षण करणे.
३. भवितव्यसूचक आणि प्रतिसादसूचक या दोन भूमिकांतील भेद तपासणे.
४. वाशिमसारख्या जिल्ह्याच्या संदर्भात या जैवदर्शकाच्या उपयोगाचा व मर्यादांचा विचार करणे.

संकल्पना आणि मोजमाप

गाठीत श्वेतपेशी आढळतात, हे निरीक्षण नवे नाही. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८६३ मध्ये त्याची नोंद केली होती. १९४९ मध्ये मूर आणि फूट यांनी स्तनाच्या ‘मेड्युलरी’ कर्करोगाचे रुग्ण तुलनेने अधिक जगतात, हे दाखवून दिले. या प्रकाराच्या गाठी लसिका पेशींनी गच्च भरलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली उग्र दिसणारा रोग प्रत्यक्षात सौम्य का वागतो, या कोड्याचे उत्तर त्या पेशींत असावे, असा तर्क तेव्हापासून होत आला. पुढे जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील ‘लगाम’ सैल केल्यास ती कर्करोगाशी लढू शकते, हे त्यांच्या संशोधनाने सिद्ध केले आणि गाठीतील लसिका पेशींकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

मोजमापाचा प्रश्न मात्र बराच काळ अनिर्णित होता. गाठीचे साधारणपणे दोन भाग पडतात : कर्कपेशींचे पुंजके आणि त्यांच्यामधील आधारऊती, म्हणजेच स्ट्रोमा. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कार्यगटाने रॉबर्टो साल्गादो व सहकाऱ्यांच्या पुढाकाराने एक समान पद्धत सुचविली. तीनुसार मोजणी आधारऊतीतील लसिका पेशींची करावयाची असते. आधारऊतीचे जेवढे क्षेत्रफळ या पेशींनी व्यापलेले असेल, ते टक्केवारीत सांगावयाचे. म्हणजे ‘टिल्स २० टक्के’ याचा अर्थ गाठीतील शंभर पेशींपैकी वीस लसिका पेशी असा नसून, आधारऊतीचा एक पंचमांश भाग त्यांनी व्यापला आहे, असा होतो. हा भेद अनेकदा दुर्लक्षिला जातो. मोजणी गाठीच्या सीमेच्या आतच करावी, मृत ऊतीचा भाग, चिरडलेला भाग आणि नलिकांतच सीमित असलेला कर्करोग वगळावा, तसेच दाट वस्तीचा एखादाच भाग न निवडता संपूर्ण काचपट्टीची सरासरी घ्यावी, असेही ही पद्धत सांगते.

येथे पहिला आक्षेप उद्भवतो. ही मोजणी डोळ्यांच्या अंदाजाने होते. मग दोन विकृतिशास्त्रज्ञांचे आकडे जुळतील काय? कार्स्टेन डेंकर्ट व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याची थेट परीक्षा घेण्यात आली. पहिल्या फेरीत परीक्षकांमधील एकमताचा गुणांक ०.७० होता; दुसऱ्या फेरीत संदर्भप्रतिमा पुढ्यात ठेवून मोजणी केल्यावर तो ०.८९ पर्यंत वाढला. गुणांक १ म्हणजे पूर्ण एकमत, हे लक्षात घेता दुसरा आकडा समाधानकारक आहे. यातून निघणारा निष्कर्ष असा की पद्धत विश्वासार्ह होऊ शकते, परंतु ती आपोआप विश्वासार्ह नाही. प्रशिक्षण आणि समान संदर्भ यांवाचून तिचा आकडा हा वैयक्तिक मताचाच एक प्रकार राहतो.

भवितव्यसूचक मूल्याचा पुरावा

स्तनाचा कर्करोग हा एक रोग नसून अनेक रोगांचा समूह आहे. ज्या गाठींत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राही नसतात आणि हर-२ हे प्रथिनही वाढलेले नसते, त्यांना ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. या प्रकारात संप्रेरकरोधक गोळ्या किंवा हर-२ विरोधी औषधे उपयोगी पडत नाहीत. केमोथेरपीवरच प्रामुख्याने भिस्त असते. पाश्चात्त्य देशांत हा प्रकार साधारणतः १२ ते १५ टक्के रुग्णांत आढळतो. भारतातील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत मात्र हे प्रमाण एक चतुर्थांशाहून अधिक दिसते. त्यामुळे या प्रकाराविषयीचा कोणताही जैवदर्शक आपल्यासाठी अधिक मोलाचा ठरतो.

टिल्सचा सर्वांत भक्कम पुरावा याच प्रकारात आहे. शेरीन लोई व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नऊ अभ्यासांतील २,१४८ ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांची माहिती एकत्र तपासली. ज्यांच्या काखेतील ग्रंथींत रोग पोहोचला नव्हता आणि ज्यांचे टिल्स ३० टक्के वा अधिक होते, अशा रुग्णांपैकी ९९ टक्के रुग्ण केमोथेरपीनंतर तीन वर्षांनी हयात होते. टिल्स जसजसे वाढत जातात तसतसा रोग उलटण्याचा धोका कमी होत जातो, असे निरनिराळ्या देशांतील स्वतंत्र अभ्यासांत सातत्याने आढळले. २०१९ च्या सेंट गॅलन परिषदेतील तज्ज्ञांनी ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांच्या अहवालात टिल्सची नोंद असावी, अशी शिफारस केली, ती याच आधारावर.

हा पुरावा बहुतांशी जुन्या उपचार-चाचण्यांतील जतन केलेल्या नमुन्यांवरून मिळविलेला आहे. चाचणीची आखणी आधीची व टिल्सची मोजणी नंतरची, ही त्याची मर्यादा खरी. परंतु वेगवेगळ्या संशोधकांनी, वेगवेगळ्या नमुन्यांवर एकाच दिशेचे निष्कर्ष काढले असल्याने ती निर्णायक मानता येत नाही. या मर्यादेत टिल्सचे भवितव्यसूचक मूल्य मान्य करणे रास्त होईल.

हे मूल्य सर्व प्रकारांना सारखेच लागू नाही, हे मात्र ठळकपणे नोंदवावे लागेल. डेंकर्ट व सहकाऱ्यांच्या २०१८ मधील ३,७७१ रुग्णांच्या विश्लेषणात, शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी दिलेल्या सर्वच प्रकारांत अधिक टिल्स असलेल्या गाठी अधिक प्रमाणात पूर्णतः विरघळल्या. तथापि संप्रेरकग्राही असलेल्या, हर-२ नसलेल्या प्रकारात अधिक टिल्स असणाऱ्या रुग्णांचे जगण्याचे प्रमाण उलट कमी आढळले. एकच पेशी एका रोगात मित्र आणि दुसऱ्यात अशुभाची खूण ठरावी, याचा अर्थ एवढाच की ‘टिल्स अधिक म्हणजे चांगले’ हे सुटसुटीत वाक्य अहवालात लिहिणे चुकीचे आहे. रोगाचा प्रकार निश्चित झाल्याखेरीज या आकड्याला अर्थ नाही आणि प्रकार निश्चित करण्यासाठी संप्रेरकग्राही व हर-२ यांची तपासणी अनिवार्य आहे. म्हणजे टिल्सची मोजणी स्वस्त असली, तरी तिचा अर्थ लावण्याची किंमत तितकी स्वस्त नाही.

भवितव्यसूचक की प्रतिसादसूचक?

या विषयावरील लेखनात सर्वाधिक गोंधळ दोन भूमिकांच्या सरमिसळीतून होतो. रोगाची वाटचाल कशी होईल हे सांगणारा तो भवितव्यसूचक जैवदर्शक. विशिष्ट उपचाराचा लाभ कोणाला होईल व कोणाला होणार नाही हे सांगणारा तो प्रतिसादसूचक जैवदर्शक. पावसाळा कसा जाईल हे सांगणे आणि अमुक वाण पेरल्यास लाभ होईल हे सांगणे, यांत जो फरक तोच येथेही आहे. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही.

हर-२ प्रकारातील अनुभव याचे उत्तम उदाहरण होय. फिनलंडमधील ‘फिनहर’ चाचणीच्या नमुन्यांवरून २०१४ मध्ये असे सांगण्यात आले की टिल्स अधिक असणाऱ्यांना ट्रास्टुझुमॅब या औषधाचा अधिक लाभ होतो. अमेरिकेतील ‘एन-९८३१’ चाचणीच्या २०१६ मधील विश्लेषणात याच्या नेमके उलट चित्र दिसले. भरपूर टिल्स असणाऱ्यांत या औषधामुळे वेगळा लाभ दिसून आला नाही. एकच औषध, एकच जैवदर्शक आणि परस्परविरोधी निष्कर्ष! पहिला अभ्यास वाचून थांबणारा वैद्य आणि दुसरा वाचून थांबणारा वैद्य एकाच रुग्णाला वेगवेगळा सल्ला देतील.

ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात आज याहून मोहक विधान पुढे येत आहे. टिल्स भरपूर असतील तर केमोथेरपी टाळता येईल काय? नेदरलँड्समधील डे योंग व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये चाळिशीच्या आतील, काखेतील ग्रंथी रोगमुक्त असलेल्या आणि केमोथेरपी न घेतलेल्या ४४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टिल्स ७५ टक्के वा अधिक असणाऱ्यांत पंधरा वर्षांत दूरच्या अवयवांत रोग पसरण्याचे वा मृत्यूचे प्रमाण केवळ २.१ टक्के होते. ३० टक्क्यांहून कमी असणाऱ्यांत ते ३८.४ टक्के होते. पाठोपाठ २०२४ मध्ये लिऑन-फेरे व सहकाऱ्यांनी अनेक देशांतील केमोथेरपी न घेतलेल्या १,९६६ रुग्णांची माहिती मांडली. पहिल्या अवस्थेतील, ५० टक्के वा अधिक टिल्स असणाऱ्या रुग्णांपैकी ९४ टक्के रुग्ण पाच वर्षे दूरवरच्या प्रसारापासून मुक्त राहिले. ३० टक्क्यांहून कमी टिल्स असणाऱ्यांत हे प्रमाण ७८ टक्के होते.

आकडे प्रभावी आहेत, हे निःसंशय. तथापि त्यांच्या वाचनात तीन गोष्टींचे भान ठेवावे लागेल. पहिली, केमोथेरपी न घेणारे रुग्ण अनेकदा निवडलेले असतात. गाठ लहान, वय अधिक किंवा धोका कमी, म्हणून त्यांना ती दिलेली नसते. डच अभ्यास या दोषापासून बराच मुक्त आहे, कारण त्यातील स्त्रियांचे निदान १९८९ ते २००० या काळातील असून ग्रंथी रोगमुक्त असल्यास केमोथेरपी न देणे हा तेथील तत्कालीन प्रघात होता. त्यामुळे आकाराने लहान असूनही पुराव्याच्या दृष्टीने तो अधिक वजनदार वाटतो. दुसरी गोष्ट, केमोथेरपीवाचून ९४ टक्के ठीक राहिले, यावरून केमोथेरपी दिली असती तर आणखी किती वाचले असते, हे कळत नाही. ते कळण्यासाठी चिठ्ठी पद्धतीने दोन गट पाडून तुलना करावी लागते. तिसरी, उंबरठ्याची. एका अभ्यासात ३०, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७५ टक्के अशी सीमारेषा दिसते. डोळ्यांच्या अंदाजाने काढलेल्या ४५ आणि ५० या आकड्यांमधील फरकावर एखाद्या स्त्रीची केमोथेरपी अवलंबून ठेवणे हे शास्त्राच्या नावाखाली घेतलेले धाडस ठरेल.

प्रतिकारशक्ती चेतविणाऱ्या औषधांबाबतही हीच सावधगिरी हवी. ‘कीनोट-५२२’ या १,१७४ ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांच्या चाचणीत केमोथेरपीला पेम्ब्रोलिझुमॅबची जोड दिल्याने लाभ झाला. परंतु तो पीडी-एल-१ हे प्रथिन असणाऱ्या व नसणाऱ्या, अशा दोन्ही गटांत दिसला. प्रतिकारशक्तीशी निगडित असलेला जैवदर्शक प्रतिकारशक्तीवरील औषधाचा लाभ सांगेलच, ही अपेक्षा तर्काला पटणारी असली तरी पुराव्याने ती प्रत्येक वेळी उचलून धरलेली नाही.

पुरावा कोणाचा आणि रुग्ण कोणते?

वरील अभ्यासांतील सर्वांत आशादायक निष्कर्ष पहिल्या अवस्थेतील रुग्णांविषयी आहे. आपल्याकडील वस्तुस्थिती कशी आहे? मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधील १,५१,५३८ स्त्रियांवर चालविलेल्या स्तनतपासणीच्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली नव्हती, त्यातील ४७ टक्के रुग्णांचा रोग तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत सापडला. तपासणी झालेल्या गटात हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. एकूण मृत्युदरातील १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्रीय कसोटीस उतरली नाही. मात्र पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. महानगरातील ही स्थिती असेल, तर मानोरा वा मालेगाव तालुक्यातील शेतमजूर स्त्री गाठ घेऊन दवाखान्यात कधी पोहोचत असेल, याची कल्पना करता येते.

याचा अर्थ असा की केमोथेरपी टाळण्याचा जो उपयोग टिल्सच्या नावे सांगितला जात आहे, त्याला पात्र ठरणारी रुग्ण आपल्याकडे मुळातच थोडी आहे. तिला पात्र करण्याचा मार्ग प्रयोगशाळेतून नव्हे, तर आशा सेविकेच्या घरभेटीतून जातो. प्रगत जैवदर्शकाचे मोल साध्या, लवकरच्या निदानावर अवलंबून असते, हा विरोधाभास वाटला तरी तेच वास्तव आहे. उलट पुढच्या अवस्थेतील रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी दिली जाते. त्यांच्या सुईने काढलेल्या नमुन्यातील टिल्स गाठ विरघळण्याची शक्यता सांगू शकतात. आपल्या संदर्भात अभ्यासाचा भर येथे असावयास हवा.

मोठ्या एकत्रित विश्लेषणांतील रुग्ण प्रामुख्याने युरोप व उत्तर अमेरिकेतील आहेत. आपल्याकडे ट्रिपल निगेटिव्हचे प्रमाण वेगळे आणि निदानाची अवस्थाही वेगळी. म्हणून तेथील उंबरठे येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. महाराष्ट्रात या कामाला पाया आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६० च्या दशकापासून आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालू आहे. टाटा मेमोरियलमध्ये ७२० ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांवर झालेल्या कार्बोप्लॅटिनच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले गेले व त्यात पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांना स्पष्ट लाभ दिसला. अशा चाचण्यांतील नमुन्यांवर टिल्सची मोजणी झाल्यास भारतीय स्त्रियांविषयीचे उत्तर भारतीय स्त्रियांच्याच नमुन्यांतून मिळू शकेल.

जिल्हा पातळीवरील विचार

टिल्सचा आकडा काचपट्टीवर वाचला जात असला तरी त्याची गुणवत्ता शस्त्रक्रियागृहातच ठरते. काढलेली गाठ वेळेवर योग्य तीव्रतेच्या फॉर्मलिनमध्ये ठेवली नाही, ती नुसत्या सलाइनमध्ये पाठविली गेली, मोठी गाठ न चिरताच बाटलीत टाकली किंवा बाटलीच अपुरी असली, तर ऊती आतून खराब होते. संप्रेरकग्राहींच्या तपासणीसाठी नमुना फॉर्मलिनमध्ये किमान ६ व कमाल ७२ तास राहावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. नमुना दूरच्या शहरी पाठविताना सुट्टी, बस आणि कुरिअर यांच्या वेळापत्रकात हा दंडक सहज मोडतो. परिणामी ग्राहीच सापडले नाहीत, तर संप्रेरकग्राही असलेला रोग चुकून ट्रिपल निगेटिव्ह ठरू शकतो. मग त्याच गाठीतील अधिक टिल्स ‘उत्तम भवितव्य’ म्हणून वाचले जातील. वर पाहिल्याप्रमाणे संप्रेरकग्राही प्रकारात हा अर्थ उलटा आहे. एका बाटलीतील चूक अशा रीतीने दोनदा फसवू शकते.

या पार्श्वभूमीवर जिल्हा पातळीवर पुढील क्रम उचित वाटतो. प्रथम नमुना हाताळण्याचे नियम परिचारिका व शस्त्रक्रियागृहातील कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचवावेत. बाटलीवर नमुना काढल्याची वेळ लिहिली जावी. त्यानंतर विकृतिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कार्यगटाच्या संदर्भप्रतिमांवर मोजणीचा सराव द्यावा. ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांच्या अहवालात आधारऊतीतील टिल्सची टक्केवारी नोंदवावी. तिच्यासोबत ‘चांगले’ वा ‘वाईट’ असा शेरा नसावा. २०१२ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडसारख्या व्यवस्थेतून परीक्षकांमधील एकमताची तपासणी करता येईल. संगणकीय प्रतिमाविश्लेषण पुढे मदतीला येईल. परंतु खराब रंगविलेल्या काचपट्टीवरून संगणकही चुकीचाच आकडा काढील.

समारोप

गाठीतील लसिका पेशी या स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासातील मोलाचा आणि अल्पखर्ची जैवदर्शक आहेत. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात त्यांचे भवितव्यसूचक मूल्य मान्य करावे, अहवालात त्यांची नोंद व्हावी. उपचार कमी करण्याचा आधार म्हणून मात्र चिठ्ठी पद्धतीच्या चाचण्यांचे निष्कर्ष हाती येईपर्यंत त्यांचा वापर होऊ नये. ज्या स्त्रीला शासकीय योजनेतून केमोथेरपी मिळू शकते, तिला ‘तुमच्या गाठीत सैनिक भरपूर आहेत, औषधाची गरज नाही’ असे सांगण्याइतका पुरावा आज कोणाकडेही नाही. आणि ज्या स्त्रीचे टिल्स कमी आहेत, तिच्या बाबतीत हा आकडा निराशेचे कारण न ठरता अधिक काटेकोर उपचाराचे व पाठपुराव्याचे कारण ठरावा.

वाशिमसारख्या जिल्ह्याने या क्षेत्रात करावयाचे काम दुय्यम नाही. नीट जतन केलेला नमुना, प्रामाणिकपणे नोंदविलेला आकडा आणि त्या रुग्णाचा पाच-दहा वर्षांचा पाठपुरावा, या तीन गोष्टी जेथे एकत्र येतील तेथूनच आपल्या स्त्रियांना लागू पडणारे उत्तर निघेल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, शिस्त लागते.